दिवसाचा विसावा भाग




१४ ऑक्टोबर १९५६ ला काय घडले हे आपल्या घरातले शाळकरी मूलही सांगते. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला काय घडले असे विचारले तर मात्र मोठी माणसेही क्षणभर थांबतात. त्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात दीर्घ भाषण केले. धर्मांतर का, नागपूरच का, बुद्धाचाच मार्ग का, याचा खुलासा त्यांनी त्यात केला आणि सोबत एक अगदी व्यवहाराची गोष्टही सांगितली. धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग द्यावा. म्हणजे शेकडा पाच.

हे भाषण मी बऱ्याचदा वाचले आहे. विसाव्या भागापाशी आलो की मी मनातल्या मनात वर्षभराच्या वर्गणीची बेरीज करतो, थोडा ओशाळतो आणि पान उलटतो. यंदा वाचताना मात्र डोक्यात दुसरेच काहीतरी आले. हे भाषण ऐकायला जी माणसे मैदानावर बसली होती, त्यातल्या बहुतेकांकडे पैसा जवळपास नव्हताच. शेतमजूर, गिरणी कामगार, विडी कामगार, हमाल अशी ती माणसे. त्यांच्याकडे जे सगळ्यात कमी होते, त्यातलाच वाटा बाबासाहेबांनी मागितला. आणि आपण, इथे अमेरिकेत राहणारे? आपल्याकडे सगळ्यात कमी काय आहे? संस्थेच्या कामासाठी कोणालाही फोन करून पाहा. चेक लगेच मिळतो. "बाकी सांगू नका हो, वेळच मिळत नाही," हे वाक्यही लगेच मिळते. हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा बोललो आहे की ते माझ्या तोंडून आपोआप निघते.

म्हणून हिशेब करून पाहिला. २४ तासांची १,४४० मिनिटे होतात. त्यांचा विसावा भाग ७२ मिनिटे. आठवड्याला आठ तास चोवीस मिनिटे. वर्षाला ४३८ तास.

मासिक वंदनेनंतर चहा घेताना हा हिशेब मी एका मित्राला सांगितला. तोही इंजिनिअर, त्यामुळे त्याने लगेच शंका काढली की झोपेचा वेळ यात कसा धरता, जागेपणीचाच धरायला हवा. ठीक आहे, जागेपणीचे १६ तास धरले तरी ४८ मिनिटे येतात. आकड्यावरून भांडण नको. माझ्यासाठी प्रश्न असा होता की ७२ असोत वा ४८, एवढी मिनिटे माझ्या दिवसात आहेत का, आणि असली तर सध्या ती कुठे जातात.

आधी नोंद

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोग्राम हळू चालतो अशी तक्रार आली की आधी मोजायचे, मग हात लावायचा. अंदाजाने दुरुस्ती करणारा हमखास चुकीची जागा दुरुस्त करतो. तोच नियम मी स्वतःला लावला. साधी रेघांची वही घेतली, अर्ध्या-अर्ध्या तासाची घरे आखली आणि सात दिवस प्रामाणिकपणे भरली. फोनवर यासाठी ॲप आहेत, पण नोंद करायला फोन उघडला की नोंद राहते बाजूला आणि आपण भलतीकडेच जातो, म्हणून वही.

आठवड्याच्या शेवटी जे दिसले ते सांगायला थोडी लाज वाटते, तरी सांगतो. नोकरीचे ४८ तास, ते अपेक्षितच होते. आठवड्यातून तीन दिवस एडिसनहून न्यूयॉर्कला ट्रेनने जातो, त्यात जाऊन-येऊन सहा तास. त्या सहा तासांत काय केले, याच्या पुढे बहुतेक घरांत मी नुसती आडवी रेघ मारली होती, कारण आठवलेच नाही. फोन रोज सरासरी दोन तास, पण सलग वीस मिनिटे कधीच नाही. सगळा वेळ पाच-पाच, सात-सात मिनिटांच्या तुकड्यांत गेलेला. मुलीबरोबर आठवड्याभरात दोन तास चाळीस मिनिटे, आणि त्यातला बराचसा भाग "होमवर्क झालं का?", "बॅग भर", "आईला विचार" यात. धम्मासाठी रविवारची ऑनलाइन वंदना, ४५ मिनिटे. त्यातली शेवटची पंधरा मिनिटे मी कॅमेरा बंद करून ऑफिसचे मेल पाहत होतो.

आणि संस्थेच्या यादीत माझे नाव सक्रिय सभासदांत आहे.

एक गोष्ट त्या वहीने मला शिकवली. मी स्वतःला आळशी समजत नव्हतो आणि आजही समजत नाही. सकाळी सहाला उठणारा, रात्री भारतातल्या टीमबरोबर फोनवर असणारा माणूस आळशी कसा? पण प्रमाद म्हणजे आळसच असतो असे नाही. दर वंदनेला आपण पाचवे शील घेतो. त्यात मद्याच्या नावांना जोडून 'पमादट्ठाना' हा शब्द येतो. आपण त्याचा अर्थ दारू न पिणे एवढाच घेतो आणि त्या शीलात आपण पास आहोत असे समजतो. शब्द नीट पाहिला तर मद्य ज्या अवस्थेला नेते ती अवस्था त्यात सांगितली आहे. आपण काय करतो आहोत याचे भान सुटणे, तो प्रमाद. ट्रेनमधले माझे ते सहा तास शुद्धीत असूनही बेशुद्धीचे होते. धम्मपदातला दुसरा वग्ग अप्पमादावर आहे. महापरिनिब्बानाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, त्यातही अप्रमादाने कार्य साधा असेच सांगितले. ४५ वर्षे पायी फिरून शिकवलेल्या माणसाने शेवटी हाच शब्द निवडावा, याकडे मी इतकी वर्षे लक्ष दिले नव्हते.

सिगालाची सहा कारणे

गृहस्थांसाठी सांगितलेला सिगालोवाद सुत्त आपल्याकडे प्रवचनात वारंवार येतो, पण बहुधा सहा दिशांपाशी प्रवचन संपते. आई-वडील पूर्व दिशा, गुरुजन दक्षिण, वगैरे. त्याआधीचा भाग तितकाच कामाचा आहे. राजगृहात सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला बुद्ध संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगतात, त्यातले सहावे दार आळसाचे. आणि आळशी माणूस काम टाळायला काय काय सबबी देतो तेही सांगतात. फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, फार भूक लागली आहे, फार जेवण झाले आहे.

पहिल्यांदा हे नीट वाचले तेव्हा हसूच आले. अडीच हजार वर्षांपूर्वीची यादी आणि एकही सबब जुनी झालेली नाही. फक्त आपण आपल्या काही घातल्या आहेत. व्हिसाचे नूतनीकरण होऊ दे, मग बघू. ग्रीन कार्ड आले की निवांत. घर घेतले की. मुलगी कॉलेजला गेली की. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्या रांगेच्या शेवटी जगणे सुरू करायचे ठरवले तर आधी निवृत्तीच येईल. "फार लवकर आहे" आणि "फार उशीर झाला" या दोन्ही सबबी आपण एकाच आयुष्यात, कधी कधी एकाच वर्षात वापरतो.

तथागतांचा दिवस

मग स्वतः बुद्धांचा दिवस कसा जात असे? पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथेत त्यांच्या दिनक्रमाचे पाच भाग दिले आहेत. सकाळी भिक्षाटन आणि भोजनानंतर लोकांना उपदेश. दुपारी भिक्खूंना मार्गदर्शन, थोडी विश्रांती, आणि नंतर भेटायला आलेल्या गृहस्थांसाठी वेळ. रात्रीच्या पहिल्या प्रहरात भिक्खूंच्या शंका. मधल्या प्रहरात देवतांचे प्रश्न, असे अट्ठकथा म्हणते. तो भाग आपण परंपरेची भर म्हणून बाजूला ठेवू, बाबासाहेबांनी आपल्याला तेवढी सवय लावली आहे. शेवटच्या प्रहराचे पुन्हा तीन भाग, त्यात चंक्रमण म्हणजे चालणे, मग झोप, आणि पहाटे उठून आज कोणाला आपली मदत होऊ शकेल याचा विचार.

अट्ठकथा बुद्धांच्या नंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली, त्यामुळे रोज अगदी असेच घडे असा माझा दावा नाही. पण या वर्णनातल्या दोन गोष्टी मला फार उपयोगी वाटल्या. एक म्हणजे यात विश्रांती आणि झोप लाजेने लपवलेली नाही, तिला जागा दिलेली आहे. हल्ली इंटरनेटवर पहाटे चारला उठून जग जिंकायला सांगणाऱ्यांची रेलचेल आहे. मी तो प्रयोग दोन महिने केला आणि मीटिंगमध्ये पेंगलो, एवढेच. दुसरी गोष्ट त्या पहाटेच्या विचाराची. दिवस सुरू होण्याआधी मनात कामांची यादी येण्याऐवजी एखाद्या माणसाचा चेहरा येणे. मी उठल्यावर पहिल्यांदा काय पाहतो? रात्री आलेले मेल. म्हणजे आज कोणाला माझी गरज आहे हे मला ऑफिस सांगते, आणि ऑफिसला तर नेहमीच गरज असते.

मुदतीचा वेळ

आपल्याकडे बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाची गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते. जयंतीला महाराष्ट्रात ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात, मीही विद्यार्थी असताना बसलो आहे. चांगला उपक्रम आहे. पण अठरा तास म्हणजे ७२ मिनिटांचे १५ दिवस. वर्षातून एकदा अठरा तास बसून उरलेले ३६४ दिवस आपण त्याच्या फोटोवर काढतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

बाबासाहेबांच्या वेळेबद्दल मला जास्त विचार करायला लावते ती तिची मुदत. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला आले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांच्या बोलीवर, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार करून. म्हणजे कोलंबियातला प्रत्येक महिना उसना होता. त्या तीन वर्षांत त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६. शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, आणि फ्रेंच व जर्मनची ओळखही. पदवीला यातले किती लागले असते? ज्याची पुन्हा संधी मिळेल याची खात्री नाही, ते आताच घेऊन ठेवायचे, असा तो हिशेब दिसतो.

पुढे लंडनला गेल्यावर १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली होती. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे टिकली नाही, राहायला छप्पर मिळाले नाही. दुसरा कोणी त्या चार वर्षांची मुदत विसरला असता. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्राकडून कर्ज घेतले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, आणि १९२० मध्ये, मुदत संपायच्या आत, ते लंडनला पोहोचले. मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताना आत आणि संध्याकाळी दार बंद होताना बाहेर, अर्धपोटी.

गेल्या वर्षी मुलीला घेऊन कोलंबियात गेलो होतो. लेहमन लायब्ररीतल्या बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याबरोबर फोटो काढला, सगळेच काढतात. मग बाहेर येऊन लो लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलो. बाबासाहेबांच्या वेळी विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय त्या इमारतीत होते. मुलीने विचारले, "बाबा, ते इथे वाचत बसायचे तेव्हा घरी कोण होतं?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे रमाई. मुंबईत, चाळीत, तुटपुंज्या पैशांत घर चालवणारी रमाई. तिची चार मुले बालपणीच गेली. बाबासाहेबांचा अभ्यासाचा वेळ रमाईच्या वेळेतून आला होता, आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. १९४० चे पाकिस्तानवरचे पुस्तक त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केले आहे.

त्या पायऱ्यांवर मला माझ्या ७२ मिनिटांची शंका आली. मी संध्याकाळी धम्माचे वाचन करत बसलो तर त्या वेळी स्वयंपाक कोण करते? माझी पत्नीही दिवसभर नोकरी करते. तिच्या विसाव्या भागाचे काय? संस्थेत पाहा. जयंतीच्या कार्यक्रमात भाषणे बहुतेक पुरुषांची, आणि दोनशे माणसांच्या जेवणासाठी आदल्या रात्री कांदे चिरणाऱ्या बहुतेक भगिनी. कार्यक्रम संपल्यावर आभाराच्या यादीत त्यांचे नाव शेवटी, "आणि समस्त महिला मंडळ" असे. कोणाच्या वेळेवर आपण धम्मकार्य करतो आहोत, हे वहीत लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आमच्या घरी त्यानंतर मंगळवार आणि गुरुवारचा स्वयंपाक माझ्याकडे आला. वरण-भात, भाजी आणि विकतच्या पोळ्या, तक्रार चालणार नाही असे आधीच ठरले आहे. त्या दोन संध्याकाळी ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पहिल्यापासून वाचते आहे आणि माझ्यापेक्षा पुढे गेली आहे.

शनिवारचा वर्ग

आता जे सांगणार आहे ते सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातल्या विहारात ताई-दादा मिळून मुलांचा अभ्यासवर्ग चालवतात. इथून काही जण ऑनलाइन शिकवतात. मी अकरावी-बारावीचे गणित घेतले होते, भारतीय वेळेप्रमाणे दर शनिवारी रात्री आठ वाजता. आपल्याकडे उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेदहा. वर्गात एक मुलगी होती, फार हुशार. तिच्या घरात मोबाईल एकच, आणि रेंज नीट यायची ती गच्चीवर. ती अंधारात गच्चीवर बसून टॉर्चच्या उजेडात वहीत गणिते सोडवायची. पडद्यावर मला फक्त तिची वही आणि हात दिसायचा.

नोव्हेंबरात इथली घड्याळे एक तास मागे गेली. तिकडचे आठ म्हणजे इथले साडेनऊ झाले. मी नेहमीप्रमाणे साडेदहाला लॉगिन केले. वर्ग संपायची वेळ होऊन गेली होती. "सर, आम्ही वाट पाहिली," एवढाच निरोप होता. पुढच्या शनिवारी ऑफिसची सिस्टिम बंद पडली, मी ऑन-कॉल होतो. त्याच्या पुढच्या शनिवारी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता आणि वर्ग रद्द करण्याचा निरोप मी दहा मिनिटे आधी टाकला. तीन शनिवार. माझ्या कॅलेंडरवर ती तीन छोटी खोडलेली घरे होती.

चौथ्या शनिवारी ती आली नाही. निरोप आला, "सर, आता दादाला मोबाईल लागतो." पुढे ताईंकडून कळले की मोबाईलवरून घरात आधीच कुरबुर होती, आणि तीन आठवडे वर्ग होत नाही म्हटल्यावर तिच्याकडे बोलायला काही उरले नाही. बारावीला तिने गणित सोडले.

मी तिला पैसे पाठवू शकलो असतो, मोबाईल घेऊन देऊ शकलो असतो. नंतर पाठवलाही, विहाराच्या नावाने, आणि आता तिथे मुलांसाठी दोन मोबाईल आहेत. पण तिला तेव्हा लागत होते ते शनिवारचे ७२ मिनिटांहूनही कमी, आणि ते वेळेवर. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण भाषणात नेहमी दुसऱ्यांना उद्देशून सांगतो. त्या डिसेंबरात मला ती माझ्या नावाने ऐकू आली.

राहुलाचा आरसा

त्या सुमारास मज्झिम निकायातला अम्बलट्ठिक राहुलोवाद पुन्हा वाचला. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात ज्या सात धम्मपाठांची नावे कोरली, त्यात राहुलाला केलेल्या या उपदेशाचे नाव आहे. बुद्ध राहुलाला विचारतात की आरसा कशासाठी असतो, राहुल म्हणतो पाहण्यासाठी. मग ते सांगतात की काया, वाचा, मन यांनी काहीही करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर असेच पाहावे. याने मला किंवा दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होईल का?

मी आधी हे नीतीचे सुत्त समजत होतो, खोटे बोलू नये वगैरे. वेळेच्या बाबतीत ते किती नेमके आहे हे वापरून पाहिल्यावर कळले. माझा वेळ जातो तो काम करताना नाही, कोणी काही मागितल्यावर विचार न करता "हो" म्हणताना. गुरुवारी मॅनेजर विचारतो, शनिवारी रिलीज आहे, थोडा वेळ बसशील का? पूर्वी "शुअर" हा शब्द माझा मेंदू जागा व्हायच्या आत निघायचा. आता मी म्हणतो, पाच मिनिटांत सांगतो. त्या पाच मिनिटांत वही उघडतो, शनिवारच्या घरात काय आहे आणि कोण आहे ते पाहतो. अनेकदा उत्तर "साडेबारानंतर बसतो" असे निघते आणि आजवर त्यावरून कोणाची नोकरी गेलेली नाही. (व्हिसावर असलेल्या माणसाला "नाही" म्हणणे किती कठीण असते हे मला माहीत आहे. म्हणून मी "नाही" म्हणत नाही, वेळ सांगतो.)

करताना पाहणे हे सगळ्यात अवघड. फोन हातात आहे आणि अंगठा वर-खाली चालला आहे, हे लक्षात येईपर्यंत दहा मिनिटे गेलेली असतात. लक्षात आले की मी स्वतःला शिव्या देत नाही, फोन उलटा ठेवतो. विपश्यनेत श्वास सुटला की परत आणतात तेवढेच. आणि करून झाल्यावर, रात्री झोपण्याआधी, वहीत दोन ओळी. दसधम्म सुत्तात भिक्खूने स्वतःला वारंवार विचारायच्या दहा गोष्टी आहेत, त्यात आपले दिवस-रात्र कसे सरत आहेत हीदेखील आहे. ते भिक्खूंसाठी आहे खरे, पण गृहस्थाने विचारू नये असे कुठे म्हटलेले नाही.

सध्या माझी ७२ मिनिटे अशी पडतात. सकाळच्या ट्रेनमध्ये २५ मिनिटे छापील पुस्तक, फोन बॅगेत. रात्री मुलीबरोबर २५ मिनिटे, त्यात होमवर्कचा विषय काढायचा नाही असा तिचा नियम आहे. आम्ही मराठी वाचतो, ती मला माझ्या इंग्रजी उच्चारांवरून चिडवते. उरलेली २२ मिनिटे मी आठवडाभर साठवतो आणि शनिवारच्या वर्गाला आणि त्याच्या तयारीला देतो. रिलीजच्या आठवड्यात ७२ ची १५ होतात, गेल्या महिन्यात सलग नऊ दिवस वही कोरी होती. शनिवारचा वर्ग मात्र चुकलेला नाही. फोनमध्ये त्याचा गजर मी भारतीय वेळेवर लावून ठेवला आहे, म्हणजे इथली घड्याळे मागे गेली काय आणि पुढे गेली काय, तो तिकडच्या आठलाच वाजतो.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपला वर्षावास असतो. या तीन महिन्यांत आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी फक्त पहिला आठवडा वही भरावी, अशी विनंती आहे. काही बदलायचे नाही, नुसती नोंद. पुढच्या मासिक वंदनेला ती वही घेऊन या. कोणी कोणाची वही वाचणार नाही, पण प्रत्येकाने आपल्याला सापडलेला एक रिकामा तास मोठ्याने सांगायचा आहे. गावच्या वर्गाला सध्या इंग्रजी शिकवणारे दोघे आणि विज्ञान शिकवणारा एक हवा आहे, शनिवार किंवा रविवार, तिकडचे रात्री आठ. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी पुरुषांची आहे. कांदे चिरायला साडेआठलाच या.

जय भीम, नमो बुद्धाय.